भिंतीला लावलेले पाय

चित्रशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. वर्गाच्या मधोमध लाकडी चौथरा, त्यावर मावशी, भोवती तिचं चित्र काढणारी पोरं. चहाची सुट्टी झाली की कुणीतरी तिच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढायचं; परत आली की पावलं त्याच रेघेत. इतक्या वर्षांत ती राणी झाली, भिकारीण झाली, एकदा तर विधवाही झाली. धडधाकट नवरा घरी असताना! "ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका रे बाबांनो," एवढंच म्हणाली होती.

लेक उद्या नोकरीसाठी दूर निघणार होती. तिला जाताना आईचं चित्र हवं होतं.

"माळ्यावर ढीग पडलाय. हवं ते उचल."

"त्यात तू आहेस कुठे? नुसत्या राण्या."

म्हणून वर्ग सुटल्यावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी कागद लावून थांबली; लेकही येऊन बाजूला उभी राहिली. "मावशी, आज कुणी होऊ नका. तुम्ही तुमच्यासारख्या बसा."

मावशी बसली. मान आपोआप ताठ झाली.

"ही राणी," लेक म्हणाली.

मावशीने खांदे पाडले.

"भिकारीण."

हात मांडीवर घेतले.

"आणि ही विधवा. बाबांना सांगू?"

चित्र काढणारी फिस्सकन हसली. मावशीला हसू आलं नाही. अंग आंबून गेलं होतं.

"मग घरी कशी बसते गं मी? एवढी शहाणी आहेस तर सांग."

लेक म्हणाली, "घरी तू बसतेस कुठे? आल्या आल्या जमिनीवर आडवी, पाय भिंतीला. तिथूनच ओरडतेस, गॅस बंद कर."

"पोटऱ्या भरून येतात दिवसभर! त्याचं काय चित्र काढायचं असतं?"

"तेच काढ," लेक चित्र काढणारीला म्हणाली. "तिकडे माझ्यावर ओरडणार कोण?"

मावशीने दाराची कडी लागलीय ना ते पाहिलं. चौथऱ्यावरून उतरली, जमिनीवर आडवी झाली, सरकत भिंतीपाशी गेली आणि पाय वर टेकवले. "आई गं!"

पेन्सिल चालू लागली. थोड्या वेळाने मावशीचा डोळा लागला, एक पाय घसरला, तशी ती दचकली. "हलले का गं? खडू आण, खूण कर."

चित्र काढणाऱ्या मुलीने भिंतीवर टाचांभोवती रेघ ओढली. "आता खुशाल झोपा. हललात तरी चालेल."

"रेघेबाहेर?"

"रेघेबाहेर."

मावशीने डोळे मिटले. अर्धवट झोपेत पुटपुटली, "गॅस बंद केलास का?"

वर्गात कुठला आलाय गॅस.

"केला, आई," लेक म्हणाली.