बांधावरची जोडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्ये खोळंबा नको. चहा बशीत ओतलात ना? मग ऐका. फजिती सगळ्यांचीच होते हो. पण पहाटे उठून, अंगाला चिखल माखून, बायकोचं कोरं लुगडं खर्ची घालून स्वतःची फजिती स्वतःच करून घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल, तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

तेव्हा मी कल्याणला कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे कोण, तर काम सगळं करायचं आणि पगाराच्या दिवशी दुसऱ्यांची तोंडं बघायची. त्यातच एका कारकुनाची जागा रिकामी झाली. माझा अर्ज नव्या मामलेदारांच्या टेबलावर जाऊन पडला. हे मामलेदार, म्हणजे आमचे रावसाहेब, वयानं तरुण, मुंबईत शिकलेले, पण असे कडक की त्यांच्यासमोर शिंक आली तर आम्ही ती गिळायचो. इकडे सासरेबुवांनी निरोप धाडलेला, की ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पुरे झाली उमेदवारी, माझ्या दुकानात येऊन बसा. सासऱ्यांच्या दुकानात! मिरच्यांच्या पोत्यांशेजारी! मला तर नुसत्या विचारानंच ठसका लागायचा. काय वाट्टेल ते करीन पण कायम होईन, असा मी पणच केला होता.

आता दुसरी गोष्ट. मी जाणकार होतो. कशातला? पायांच्या ठशांतला. माझं आजोळ मुरबाडकडचं, रानाला लागून. लहानपणी एक उन्हाळा तिकडे काढला, तेवढ्यावर माझी विद्या. पण मागे एकदा आमच्या आळीत कोंबड्या पळवणारं जनावर मी ठशांवरून बरोबर ओळखलं होतं. मांजर होतं, आणि ते आधी सगळ्यांनी पाहिलंही होतं, पण म्हणून काय झालं? तेव्हापासून चिखलात काही उमटलं की लोक मला बोलवायचे, आणि मीही डोळे बारीक करून बघायचो.

खाडीच्या बांधाला लागून हिराजी नावाच्या आगऱ्याचं शेत होतं. उधाणाचं पाणी चढून उतरलं की बांधावर चिखलाचा मऊ थर बसायचा. दिवाळी नुकती झाली होती. एके सकाळी हिराजी मला घेऊन तिथं गेला. चिखलात दोन बारीक रेघा लांबवर गेलेल्या. एक डावीकडे जाते, दुसरी उजवीकडे, पुन्हा दोघी एकमेकींना ओलांडतात, वेणी घातल्यासारख्या.

हिराजी म्हणाला, "भाऊ, यो कंचा जनावर हाय? पाय तं दिसत नाय."

त्या बिचाऱ्यानं साधं विचारलं. पण आपल्याकडे जनावर म्हणजे काय, ते का सांगायला हवं? सापाचं नाव कोण घेतो? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाय नाहीत, रेघ अखंड, आणि दोन रेघा एकमेकींत गुंतलेल्या. जोडी! नाग आणि नागीण!

मी तसं सांगताच बांधावरची माणसं शेतात उतरली आणि शेतातली घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ताजा माग. तिसऱ्या दिवशीही. मी आमच्या मंडळींना सगळं सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, की रेघांच्या बाजूला मध्ये मध्ये बुटाचा ठसा आहे म्हणता, तो कुणाचा? मी म्हटलं, गारुडी असेल, जोडीच्या मागावर असेल. ती म्हणाली, "गारुडी बूट घालतो का?" मी म्हटलं, कल्याणचा घालत असेल. ठरवलेल्या गोष्टीला फाटे फोडलेले मला मुळीच खपत नाहीत.

आणि ठरवलं काय होतं? तुम्ही ऐकलं असेल, जुळलेल्या जोडीवर कोरं कापड टाकायचं आणि ते घरात जपून ठेवायचं, की मनातलं होतं म्हणतात. माझ्या मनात एकच होतं. कोरं कापड घरात एकच होतं. तिच्या भावानं भाऊबीजेला दिलेलं लाल लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं.

ती उठली. मग पेटीतून लुगडं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "कायम होऊन या. आणि हे परत आणा." त्या क्षणी मला तिची इतकी माया आली की डोळे भरून आले. आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं.

उजाडता उजाडता मी बांधाखाली, झुडपाआड, गुडघाभर चिखलात दबा धरून बसलो. धुकं होतं. डास चावत होते, हललो नाही. खेकडा धोतरात शिरला, तरी हललो नाही. एवढ्यात आवाज आला. सूंऽऽ... खुळ्खुळ्... सूंऽऽ. फूत्कार! दुसरं काय असणार? धुक्यात काहीतरी उंच, काळं, डुलत डुलत येताना दिसलं. बाप रे, म्हटलं, जोडी उभी राहून डोलतेय! कुलदैवताचं नाव घेतलं, डोळे मिटले, आणि उडी मारून लुगडं फेकलं.

धाडकन काहीतरी पडलं. डोळे उघडले तर चिखलात लाल लुगड्याचं एक गाठोडं तडफडतंय आणि शेजारी एक चाक हवेत गरगर फिरतंय. लुगड्याचा पदर दुसऱ्या चाकात. गाठोड्यातून आवाज आला, "कोण आहे रे तो?"

हा आवाज मी ओळखला. आदल्याच दिवशी ह्याच आवाजानं मी उतरवलेल्या नकलेत चार चुका दाखवल्या होत्या.

मामलेदार! आणि ती पायगाडी! अशी दोन चाकांची गाडी ठाण्याला एका साहेबाकडे आहे एवढं ऐकून होतो, पाहिली नव्हती. पुढचं चाक, मागचं चाक, दोन रेघा. सगळा उलगडा झाला, आणि माझ्या डोळ्यांसमोर मिरच्यांची पोती उभी राहिली.

मी चाकातून लुगडं सोडवू लागलो. डोक्यावरचा पदर काढत रावसाहेबांनी विचारलं, की तुम्ही इथं काय करत होतात. खोटं सुचेना. म्हटलं, "सापांची जोडी धरायला बसलो होतो."

त्यांनी बांधावरच्या रेघांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा रेघांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "इतक्या वाकड्या जातात का हो माझ्या?"

म्हणजे त्यांची गंमत वेगळीच होती. कलेक्टरसाहेबांना पायगाडीची भारी हौस, ते दौऱ्यावर येणार, आणि रावसाहेब त्यांच्यापुढे बोलून बसलेले की आपल्यालाही येते. येत तर नव्हती. कचेरीतल्या कुणी पडताना पाहिलं तर दरारा संपला, म्हणून पहाटेचा हा उद्योग. मी आईची शपथ घेऊन सांगितलं, की माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही.

"ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण मागून धरून पळता येईल का?"

आठ दिवसांत मी कायम झालो. लुगडं फाटलं, पण आमच्या मंडळींनी ते नीट धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलंय आणि ती येईल त्याला दाखवते, की बघा, फळलं. मी काय बोलणार? शपथ घेतलेली.

आणि रोज उजाडताना मी रावसाहेबांच्या गाडीची बैठक धरून बांधावरून पळू लागलो. जोडे चिखलात रुतायचे. अनवाणी जावं तर कालवांच्या शिंपा पाय फाडतात. मग पायांना गोणपाट गुंडाळलं. झकास पळता यायला लागलं.

थोड्याच दिवसांनी रावसाहेब बांधाच्या पाहणीला निघाले, सोबत मी, नवा कोरा कारकून. हिराजी धावत आला. मागे सगळं गाव.

"भाऊ, जोडीच्या मांगं आता तिसरा जनावर धावतंय. गोल गोल पाय. यो कंचा?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. रावसाहेब म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "सांगा की. तुम्ही जाणकार."

मी वाकलो. डोळे बारीक केले. म्हटलं, "गाढव."

हिराजी खाली बसला, ठशांवरून हात फिरवला, आणि मान हलवली. "नाय वो भाऊ. गाढवाला चार पाय. यो तं दोनच पायांवं चाललाय."

"असतं एखादं तसलंही," मी म्हटलं. "नुकतंच कायम झालेलं."