चौदा फरश्या

कात्रजच्या आमच्या घरातली एक खोली पाच वर्षं हळूहळू लहान होत होती. घरातल्या चौघांपैकी एकीने ते ओळखलं होतं, आणि उरलेले आम्ही तिघं तिला शांतपणे सांगत होतो की तसं काही नाही.

ती माझी थोरली बहीण. गणितात एम.एस्सी. केलेली, जिभेने तिखट, आणि कुणी गणितात पायरी गाळली की अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करणारी. सव्विसाव्या वर्षी तिच्या एका डोळ्यापुढे धुकं आलं. ते गेलं आणि डावा पाय ओढला जायला लागला. बऱ्याच तपासण्यांनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव कळलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूने पाठवलेले निरोप वाटेत अडकतात. मधूनमधून एकदम बिघडेल, मग सावरेल, पण दर वेळी पूर्वीइतकं सावरेलच असं नाही. ताई म्हणाली, म्हणजे टपालखातंच की. डॉक्टर हसले. आई बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याच सुमारास मला हिंजवडीत नोकरी लागली. आमच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे कंपनीची बस थांबायची, सकाळी सात दहाला. मी थांब्यावर पोचले की ताई पलंगावरून उठून काठी टेकत खिडकीशी येई आणि हात करी. पलंगापासून खिडकीपर्यंत चौदा फरश्या होत्या. मोजल्या अर्थातच तिनेच. चौदा म्हणजे मी माणूस, असं ती म्हणायची. तेरा झाल्या तर तुम्ही मला फर्निचर समजायला मोकळे.

पहिल्यांदा ती तेराव्या फरशीवर थांबली त्या दिवशी मला खिडकी रिकामी दिसली. संध्याकाळी घरी आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवली नाही.

उपाय बाबांनी काढला. बाबा कारखान्यात फिटर होते. तिथे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आणि बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. इच्छा कारखान्याची, निवृत्ती बाबांची. तेव्हापासून ते मोजपट्टी खिशात घेऊन घरभर हिंडायचे. पुढच्या वेळी ताईचं बिघडलं आणि स्टेरॉइडच्या सलाइनसाठी तिला पाच दिवस दवाखान्यात ठेवलं, तेव्हा बाबांनी तिच्या खोलीत रबराची चटई अंथरली. पाय घसरू नये म्हणून, असं सांगायचं ठरलं. फरश्या झाकल्या गेल्या. मग त्यांनी पलंग एक फरशी पुढे घेतला आणि पलंगामागे भिंतीच्याच रंगाची प्लायवूडची भिंत उभी केली. कपाट, स्टूल, कॅलेंडर, सगळं तेवढंच पुढे सरकवलं. जुन्या खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली. मी खोलीच्या दारात उभी राहून पाहिलं तर मलासुद्धा काही वेगळं वाटेना. इतकं नेटकं काम पाहून मला बाबांचा अभिमान वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

ताई घरी आली. चालताना ती फक्त पावलांकडे बघे, बघावंच लागे. दुसऱ्या सकाळी ती खिडकीशी उभी होती. तिने हात इतका जोरात हलवला की थांब्यावरचे दोघंतिघं वर बघायला लागले.

मग ते आमचं ठरूनच गेलं. बिघडलं की दवाखाना, दवाखाना की एक फरशी. पाच वर्षांत पाच फरश्या. ताई रोज पोचत राहिली. सोसायटीतली दहावीची मुलं दुपारी तिच्याकडे शिकवणीला येत, ती पलंगावर उशीला टेकून त्यांना भूमिती शिकवी. घरात हसणं होतं. आणि तिच्या डोक्यामागे, प्लायवूडच्या पलीकडे, चार फूट रुंदीची एक काळोखी जागा तयार झाली होती. ताईचा डोळा लागला की कपाटाच्या आडून अंग चोरून तिथे जाता येई. आई तिथे तांदळाचे डबे आणि जादा गाद्या ठेवायला लागली. पुढे पुढे ती नुसतीच तिथे जाऊन बसायला लागली.

एका दुपारी ताई मला म्हणाली की तिच्या डोक्यामागे कुणीतरी चालतं. मी म्हटलं, मागे बाहेरची भिंत आहे, तिच्यापलीकडे पहिल्या मजल्याच्या उंचीवर नुसती हवा. ती म्हणाली, तेच तर. तिथे पाय टेकायला जागा नाही, तरी चालतं. कधी डब्याचं झाकण लागतं. कधी कुणी रडतं, तोंडावर पदर धरून रडावं तसं. ती हे घाबरून सांगत नव्हती, गणितातली अडचण सांगावी तसं सांगत होती. रडतं कोण हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मला त्या भिंतीची खरोखर भीती वाटली. मी हसले आणि तिला म्हटलं, औषधांनी होत असेल.

मग तिने पंख्याचं काढलं. पंख्याचा हूक स्लॅबमध्ये, तो काही बाबांना हलवता आला नव्हता. तिने आम्हा तिघांना बोलावलं आणि म्हणाली, "पूर्वी झोपल्यावर पंखा माझ्या पावलांच्या पलीकडे दिसायचा. आता गुडघ्यांवर आहे. एक तर मी वाढतेय, नाही तर खोली आक्रसतेय."

आईने खाली बघितलं. बाबा पलंगाच्या कडेवर बसले, तिच्या पायावरून हात फिरवला आणि मायेने म्हणाले, "बाळा, तुला हल्ली दोन-दोन दिसतं ना? तसंच असेल ते."

ताईने पुन्हा एकदा पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, असेल. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर ती रोज काहीतरी तपासायची. सतराचा पाढा म्हणून बघायची, काल काय जेवलो ते मला विचारून पडताळायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, विसरणं, भलतंच दिसणं-ऐकणं, असं काही होतं का? या आजारात कधीकधी होतं. ताईने खोलीचं सांगितलं, भिंतीतल्या रडण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. बाबा मोजपट्टीशी चाळा करत बसले. आणि मी, घरातली शिकलेली, कमावती मुलगी, म्हणाले, "हो, अलीकडे थोडं होतंय तसं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

शनिवारी मला सुट्टी होती. शिकवणीची मुलं यायच्या वेळेला ताईने मला कागद-पेन मागितलं. मुलांच्या पालकांना चिठ्ठी लिहायची होती, शिकवणी बंद म्हणून. मी कारण विचारलं.

"जिला स्वतःची खोली मोजता येत नाही, तिने पोरांना भूमिती शिकवू नये," ती म्हणाली. "पाय गेले तर गेले गं. पण मला वाटलं होतं, डोकं शेवटपर्यंत माझं राहील."

आणि ती रडली. नेमकं त्याच वेळी भिंतीमागूनही हुंदका आला. आई आत होती. ताईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मग मात्र मला राहवेना. मी कपाट ढकललं आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. तिच्या केसांना जळमटं लागली होती. ताई आईकडे बघत राहिली, जणू ती भिंतीतूनच निघून आली होती. मी चटईची कड उचलली, खालच्या फरश्या दाखवल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. तिने फक्त विचारलं, किती? बाबा म्हणाले, पाच. ती म्हणाली, "म्हणजे पंख्याचं माझं बरोबर होतं." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. पाच फरश्या गमावल्याचं कळल्यावर माणूस इतका सुटल्यासारखा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही तिच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

चिठ्ठीचा कागद तिने फाडला आणि बाबांना पलंग होता तिथे ठेवायला सांगितला. बाबा हळूच म्हणाले, मग तू पोचणार नाहीस. ताई म्हणाली, "नाही पोचणार. पण कुठे थांबले ते मला कळेल."

रविवारी बाबांनी भिंत उतरवली. एकेक स्क्रू काढून डबीत ठेवत होते, नाक ओढत होते. चटई गुंडाळली. पलंग जुन्या जागी गेला आणि खोली इतकी मोठी दिसायला लागली की मला परक्या घरात आल्यासारखं झालं. ताई उठली, मोजत निघाली आणि नवव्या फरशीवर थांबली. काठीला टेकून ती पुढच्या पाच फरश्यांकडे बघत राहिली. आईने तिथे खुर्ची आणून ठेवली.

सोमवारी मी निघताना ती म्हणाली, "मी नवव्यावरून हात करीन. खालून दिसणार नाही. तू बघ मात्र."

थांब्यावर उभं राहून मी वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पडदा बाजूला केलेला, आत अंधार. सात दहाला मी हात वर केला आणि हलवला. रोजच्या बसमधली शेजारीण माझ्या बाजूला उभी होती. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाली, अगं, तिथे तर कुणीच नाहीये.

मी म्हटलं, आहे.