भूक नसलेला हिवाळा

पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. दुसऱ्याच्या वेळी आम्ही पित्ताशयातले खडे काढले असं सांगून मोकळे झालो.

पहिल्या वेळी वजन उतरवण्यासाठी माझं जठर कापून केळ्याएवढं केलं होतं. वजन भराभर उतरलं. लग्नकार्यात बायका मला आधी ओळखायच्या नाहीत, मग ओळखलं की हाताला धरून गोल फिरवून बघायच्या. "खातेस तरी काय तू?" असं विचारायच्या. दोन-तीन वर्षं अशी मजेत गेली. मग घशाशी आंबट यायला लागलं. आधी जेवणानंतर यायचं, पुढे पुढे नुसतं पाणी प्यायल्यावरही. आडवं झालं की छातीत आग आणि तोंडात कडू पाणी. मी पाठीशी उशांचा ढीग लावून बसल्या बसल्याच झोपायला लागले. माझ्या खोकल्यानं ह्यांची झोपमोड होई, म्हणून हे हॉलमध्ये दिवाणावर झोपू लागले. मी एका शाळेत गणित शिकवते. तिसऱ्या तासाला माझा आवाज बसायचा. आणि एवढं सगळं होत असताना वजनही हळूहळू परत चढत होतं, कारण आग शमवायला मी दूध, बिस्किटं, मऊ भात असलं काहीतरी सतत पोटात ढकलत होते.

डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागणार नाही, बायपास करावं लागेल. जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा काढून तो थेट खालच्या आतड्याला जोडायचा. ह्यांनी एकच विचारलं, "ह्याच्यानंतर तिसरं नाही ना करावं लागणार?"

"तशी वेळ येऊ नये," डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा ते झालं. दवाखान्यातले दिवस मला धड आठवत नाहीत. नर्सनं उठा म्हटलं की मी उठायचे. चाला म्हटलं की सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. नळीतून श्वास ओढून प्लॅस्टिकचे गोळे वर न्यायचे असत, तेही न्यायचे. पोटावर जुन्या खुणांच्या शेजारी नवी भोकं पडली होती. ती मी एकदा बघितली आणि गाऊन खाली केला. पहिल्या वेळी मी रडले होते, देवाला नवस बोलले होते, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी मैत्री केली होती. ह्या वेळी शेजारी कोण होतं तेसुद्धा सांगता येणार नाही.

घरी आल्यावर ह्यांची रजा संपली. हे ओझरच्या कारखान्यात आहेत, तिथे सकाळच्या पाळीला पहाटेच निघावं लागतं. मुलगी पुण्याला शिकते, तिची परीक्षा तोंडावर होती. घरात कुणीतरी हवं होतं. मग पिंपळगावजवळच्या आमच्या गावाहून माझे वडील आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाग आता धाकटा भाऊ बघतो. द्राक्षाचे घड विरळायचं काम जोरात चालू होतं, तरी ते सोडून आले. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची भली मोठी जुडी. कोथिंबीर मला चालणार नव्हती. मला काहीच चालणार नव्हतं.

आप्पा पहिल्यापासून दणकट. आता वय झालं, साखरेचा आजार जडला, तरी दार अडवून उभे राहतील असं अंग. माझा बांधा त्यांचाच. लहानपणी मला बघून लोक म्हणायचे, "पाटलांची पोरगी, लांबूनच कळतं." तेव्हा आप्पा खूश व्हायचे.

त्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता. पण आल्या आल्या मुगाच्या डाळीचं पाणी कसं करायचं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींकडून शिकून घेतलं. डाळ शिजवायची, घोटायची, फडक्यातून गाळायची. पहिल्या दिवशी ओट्यापेक्षा लादीवरच जास्त सांडलं. मग वाटी आणि चमचा घेऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "घे बाई. सावकाश."

मी घोट घ्यायचे. घोट आत उतरला की छातीच्या मध्यावर थोडा वेळ थांबायचा आणि मग पुढे जायचा. एक वाटी संपायला एवढा वेळ लागायचा की पाणी थंड व्हायचं. आप्पा उठून परत गरम करून आणायचे. "चव कशी झाली?" विचारायचे. मी "चांगली" म्हणायचे. खरं तर मला चांगली-वाईट काही कळत नव्हतं. फोन वाजला तर वाजत राहायचा. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मी हसायचे, कारण तिकडून ती बघत असायची. बाल्कनीतून दोन इमारतींच्या मधल्या जमिनीच्या तुकड्यात कुणीतरी लावलेली मेथी दिसते. तिकडे बघत मी दुपार काढायचे. वाईट वाटत होतं असंही नाही. नुसतं काही वाटत नव्हतं.

एका दुपारी मी पलंगावर पडले होते आणि स्वयंपाकघरात स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला. गडगडत तो कुठेतरी जाऊन थांबला. मी हाक मारली, "आप्पा?" उत्तर आलं नाही. एक हात पोटाला धरून मी उठले.

आप्पा ओट्याला पाठ टेकून खाली बसले होते. एवढ्या थंडीत सदरा घामानं चिंब. हात थरथरत होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी आई कुठं गेली गं? कवाची हाका मारून ऱ्हायलो."

साखर उतरलीय हे मला लगेच कळलं. मी डबा काढला, भांड्यात साखर आणि पाणी ढवळलं आणि खाली बसले. बसताना टाके ताणले. त्यांची हनुवटी धरून मी चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. अर्धं सदऱ्यावर ओघळलं. "गिळा आप्पा. अजून एक. गिळा." माझा आवाज फळ्यावर गणित सोडवताना असतो तसा होता. आतमध्ये काही हललं नाही. समोर आपले वडील आहेत आणि ते जाऊही शकतात, हा विचार मनात आला, आणि आला तसा निघून गेला. हात आपलं काम करत राहिले.

थोड्या वेळानं त्यांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी मला बघितलं, लादी बघितली आणि ओशाळून म्हणाले, "तू कशाला खाली बसली? टाके उसवतील ना."

"सकाळची गोळी घेतली होती?"

"घेतली."

"आणि जेवलात?"

त्यांनी नजर फ्रिजकडे वळवली. मी ओट्याला धरून उठले आणि फ्रिज उघडला. मागच्या बाजूला, दुधाच्या पातेल्याआड, पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. आजच्या, कालच्या, आणखीही आधीच्या. भाजीच्या वाट्या झाकून तशाच. मावशी रोज त्यांच्यासाठी करून जात होत्या आणि ते त्या लपवत होते. संध्याकाळी हे कामावरून आल्यावर त्यांच्यासोबत दोन घास खायचे, तेवढेच. दिवसभर माझ्यासाठी गाळलेल्या डाळीच्या पाण्यातलं उरलेलं पिऊन राहायचे.

"हे काय आप्पा?"

"तू समोर पाणी पिऊन ऱ्हाते अन् मी ताट घेऊन बसू?" ते म्हणाले. "घास उतरत नाय, बाई."

मी फ्रिजचं दार लावलं. ते खालीच बसून होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे अंग माझं हाय. माझ्याकडून तुला आलं. दोनदा कापून घ्यावं लागलं तुला."

अशा वेळी रडायला हवं हे मला माहीत होतं. मी वाटही बघितली. पण काही आलं नाही. मी तव्यावर पोळी गरम करायला टाकली.

भाजी गरम केली, ताट वाढलं आणि त्यांना टेबलाशी बसवलं. समोर मी बसले. "आप्पा, मला भूक लागतच नाही," मी सांगितलं. "तुम्ही खाल्लं काय, नाही खाल्लं काय, मला काही होत नाही. वास येतो, पण खावंसं वाटत नाही. तुम्ही जेवा."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "भूकच नाय?"

"नाही."

"आजाबात?"

"अजिबात नाही."

हे ऐकून त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. उपासमार त्यांना समजत होती. भूक नसणं समजत नव्हतं. तरी त्यांनी सगळं ताट संपवलं, माझ्याकडे बघत बघत, शिक्षा भोगल्यासारखं. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ फ्रिजसमोर उभे राहिले आणि मग त्यांनी त्या शिळ्या पोळ्या एका पिशवीत भरल्या. त्यानंतर आप्पा रोज दुपारी माझ्यासमोर जेवू लागले. मी वाटीतलं ताक पीत बसायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. पिठल्यात मीठ जास्त पडलंय, असं काहीतरी ते म्हणायचे.

पुढच्या तपासणीला आप्पा हट्टानं सोबत आले. डॉक्टरांनी टाके बघितले, पातळावरून आता मऊ खिचडीवर यायला हरकत नाही म्हणाले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर. मी सगळ्याला मान हलवली. आप्पा मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिला भूक कधी लागंल?"

"काही महिने लागतील, बाबा. हळूहळू येते."

"अन् ही हसत नाय. रडत बी नाय. ते कधी येईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. झोप कशी आहे, कुणाशी बोलावंसं वाटतं का, जगणं नको असं वाटतं का, असं बरंच विचारलं. तसं वाटत नाही, मी सांगितलं, आणि ते खरं होतं. ऑपरेशननंतर काही जणांचं असं होतं, ते म्हणाले. पुढच्या वेळीही असंच असेल तर मनाच्या डॉक्टरांना भेटायचं, ठरलं. मग वातावरण हलकं करायला आप्पांना म्हणाले, "तुमचं वजन किती आहे, बाबा?"

आप्पा खुर्चीसकट मागे सरकले. "मला नका कापू, साहेब. माझं काय ऱ्हायलं आता?"

बाहेर बसलेली माणसं हसली. मीही ओठ ताणले.

संक्रांतीच्या सुमारास आप्पा गावी परतले. जाताना त्यांनी मुगाची डाळ तीन डब्यांत भरून ठेवली होती. खिचडीवरून मी मऊ पोळीवर आले. छातीतली आग गेली होती. एका रविवारी दुपारी मी एका उशीवर, सपाट, गाढ झोपले. जाग आली तेव्हा हे पलंगाच्या कडेला बसून होते. "सरक जरा," म्हणाले आणि शेजारी आडवे झाले. हॉलमधलं त्यांचं पांघरूण आत आलं ते आतच राहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्याहून जास्त काही जमलं नाही.

शाळा सुरू झाली. केस गळायला लागले होते, म्हणून मी ते कापून घेतले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या म्हणाल्या, खड्यांच्या ऑपरेशननं केवढी वाळलीस. मी डबा उघडून दोन चमचे दही-भात खायचे, भूक म्हणून नाही, वेळ झाली म्हणून.

वार्षिक परीक्षा जवळ आली होती. मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला. म्हणाला, "आप्पांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. गावात कुणीतरी काढा देतो, तो घेतायत. आज दोन आठवडे झाले. मला आत्ता कळलं."

"फोन दे त्यांना."

आप्पा आले. "काही नाय गं, लय चांगला काढा हाय. त्याच्यानं पार..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मी ओरडायला लागले. काय बोलले ते सलग आठवत नाही. तुम्हाला काय समजतं का, असं बोलले. ओट्याखाली घामानं भिजून पडला होतात, आईला हाका मारत होतात, विसरलात का, असं बोलले. मी एकटी होते घरात, मला उचलतासुद्धा आलं नसतं तुम्हाला, तुम्ही गेला असतात तर मी काय केलं असतं? हे बोलता बोलता मला रडू फुटलं. खोलीतल्या सगळ्या बाया हातातले डबे धरून माझ्याकडे बघत होत्या.

मग आप्पा फोन लांब धरून भावाला म्हणाले ते मला ऐकू आलं, "लय चिडली हाय रे. आण त्या गोळ्या."

मी फोन ठेवला. नाक वाहत होतं. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी पदरानं तोंड पुसलं, खडू घेतला आणि आठवीच्या वर्गावर गेले.