सोमकुवर बहनजींची गोळी

सोमकुवर बहनजी शाळेत पाणी पीत नसत. एप्रिलच्या उन्हात मुलं माठाभोवती भांडत असायची आणि बहनजी फळ्यावर त्रैराशिक मांडत उभ्या असायच्या. ओठ कोरडे, आवाज खणखणीत. कोणी पेला पुढे केला तर म्हणायच्या, "नको, मी घरून पिऊन आली." मी त्या शाळेचा प्रधानपाठक होतो. आठ वर्षं मी हे उत्तर ऐकलं आणि आठ वर्षं मला ते पुरेसं वाटलं. एकदोघांना तर मी त्यांचा हा संयम कौतुकानं सांगितलाही होता.

शाळा मध्य प्रदेशात, रामाकोन्याच्या बाजूच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावाचा यात जो काही दोष असेल तो माझ्यापेक्षा कमीच होता. बहनजींचं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. नवरा लवकर गेला. सासूबाईंना सांभाळत त्या रोज सौंसरहून बसनं यायच्या. मीही त्याच बसनं यायचो. आमची घरं एकाच गल्लीत होती. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सहावी ते आठवीचं गणित त्यांच्याकडे शिकलेली माणसं अजून दुकानात हिशेब करताना बोट दुमडून हातचा धरून ठेवतात.

हातचा हा त्यांचा लाडका शब्द. बेरीज चुकली की मुलाला रागवायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "हातचा कुठी गेला बाबू?" हा प्रश्न त्या मोठ्यांनाही लावत. एकदा कार्यालयाचे साहेब येऊन स्त्रीशिक्षणावर पाऊण तास बोलून गेले. आठवीच्या वर्गात तेव्हा चार मुली उरल्या होत्या. सहावीत एकोणीस होत्या. साहेबांची जीप वळल्यावर बहनजी म्हणाल्या, "भाषण बरोबर होतं गुरुजी. पंधराचा हातचा घ्याचा राहिला."

पुढे त्यांचं डोकं दुखायला लागलं. सौंसरच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पाहिला, रक्तदाब बराच निघाला. त्यांनी लघवीची गोळी दिली, रोज सकाळी एक, आणि मीठ कमी करायला सांगितलं. ही गोळी अंगातलं जास्तीचं पाणी काढते, मग रक्ताचा जोर उतरतो, असं त्यांनी समजावलं. महिन्यानं पाहिलं तर आकडा तिथल्या तिथेच. डॉक्टरांनी गोळीची दीड केली. पुन्हा तेच. मग दोन. दहा महिन्यांत गोळ्या वाढल्या, मीठ जवळपास बंद झालं आणि आकडा जागचा हलला नाही. डॉक्टर हुशार होते, म्हणून त्यांना वाटलं की रोगच हट्टी आहे.

मग मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. पंधराएक दिवसांनी एका दुपारी त्यांच्या सासूबाई माझ्या दारात आल्या. "गुरुजी, चला लवकर. माझी सून पडली. पाय लाकडावानी झाले तिचे."

बहनजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. उभ्या राहायला गेल्या, डोळ्यांपुढे अंधार आला आणि कोसळल्या. पोटऱ्यांत असे गोळे आले होते की पाय सरळ होत नव्हते. मी रिक्षा आणली. डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं आणि मग शेजारी स्टूल ओढून बसले.

"रोज दोन घेत होत्या ना?"

"आता घेऊन राहिली रोज," बहनजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "छुट्ट्या लागल्यापासून."

"आणि त्याच्याआधी?"

"इतवारी."

"फक्त इतवारी?"

"दिवाळीच्या छुट्टीतही घेतली. पंधरा ऑगस्टले नाही, त्या दिवशी झेंडा असते."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. जी गोळी पोटात जातच नव्हती तिचा डोस ते दहा महिने वाढवत आले होते. आणि आता, भर मे महिन्यात, मीठ तोडलेल्या बाईनं ती दुप्पट गोळी प्रामाणिकपणे रोज घेतली होती. अंगातलं पाणी गेलं, त्याच्यासोबत क्षार गेले, पोटॅशियम गेलं. गोळे त्यानंच आले, ताकद त्यानंच गेली.

"बाई, दर महिन्याला विचारत होतो मी. तुम्ही हो म्हणत होत्या."

"तुम्ही विचारता विचारताच मान हलवत होते डॉक्टरसाहेब. मग मीही हलवली."

"पण घ्यायला काय झालं होतं?"

बहनजींनी डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "गोळी घेतली का एका घंट्यात जावं लागते. मग अर्ध्या अर्ध्या घंट्यानं. थांबतो म्हटलं तर थांबत नाही ते. शाळेत कुठी जाऊ? आमच्या शाळेत बायांसाठी काय आहे, ते गुरुजींले विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. दरवर्षी कार्यालयात जो तक्ता जाई त्यात 'शौचालय' असा एक रकाना होता, आणि त्यात मी सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहीत होतो. आम्हा मास्तरांना मागची भिंत होती, भिंतीपलीकडे बाभळी होत्या. बहनजी कुठे जात असतील हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्या जातच नाहीत असं बहुधा मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी आठवडाभर गोळी बंद ठेवली, मग एकावर आणली. केळी खा, संत्री खा म्हणाले. बहनजी म्हणाल्या, "सौंसरात राहून मे महिन्यात संत्रा मांगता? बहार केव्हाच संपला." शेवटी केळी आणि लिंबूपाण्यावर तडजोड झाली. शाळेची अडचण असेल तर गोळी संध्याकाळी घ्या, असंही डॉक्टरांनी सुचवलं. जूनमध्ये बहनजींनी ते आठ दिवस करून पाहिलं. झोप मोडायची, सकाळी उठून उभं राहिलं की घर फिरायचं. नवव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "दवाची वेळ तबियतीनं ठरवाची गुरुजी. इथं ते शाळेची इमारत ठरवून राहिली. मी सकाळीच घेतो."

जुलैपासून त्या शाळेत पोचल्या की साडेदहाला सर्वांसमोर गोळी घ्यायच्या, वर पेलाभर पाणी. मग छत्री घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत एका मावशींकडे तट्ट्याचा आडोसा होता, तिथे जाऊन यायच्या. वीस मिनिटं. अशा तीन खेपा. शाळेजवळ घरं होती, पण त्या घरांच्या मागच्या अंगणात सोमकुवर आडनावाला या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं त्यांनी अर्ज लिहिला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आणि खाली हिशेब मांडला: तीन खेपा, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे पाच तासांच्या शाळेतला एक तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच दिवस गणिताची बाई वर्गात नसते. अर्ज वाचून मी म्हणालो, "बहनजी, एक शब्द जरा सौम्य करता आला तर."

"कोणता?"

"लघवी."

"मग काय लिहू? क्ष?"

मी सही केली. शिफारसही लिहिली, नोकरीत पहिल्यांदाच विचार करून.

सप्टेंबरात साहेब स्वतः आले. ते सागरकडचे, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदी. त्यांनी अर्ज दोन बोटांत धरला होता. "मैडम, ऐसी बातें लिखकर देते हैं क्या?"

"तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही थांबले असते का साहेब?" बहनजी म्हणाल्या. "आणि हे माझं एकटीचं नाही. आठवीतल्या पोरी कुठी गेल्या, ते याच कागदावर आहे. त्या दवा नाही घेत, पण जावं त्यांनाही लागते."

साहेबांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, घडी घातलेला कागद आता काही उघडत नाही. पण तो उघडला. कुठल्या तरी भिंतीसाठी आलेली रक्कम इकडे वळली, विटा गावानं दिल्या, आणि दिवाळीनंतर दोन दरवाज्यांचं एक बुटकं बांधकाम उभं राहिलं. तोवर बहनजींचा रक्तदाब एका गोळीवर उतरू लागला होता. डॉक्टर आता विचारताना मान हलवत नव्हते.

उद्घाटन ठरलं. अशा वास्तूचं उद्घाटन कसं करतात याची कोणालाच कल्पना नव्हती, म्हणून आम्ही सगळंच केलं: मंडप, लाऊडस्पीकर, झेंडूचा हार, लाल फीत, ताटात कात्री. साहेबांच्या हस्ते उघडायचं म्हणून दरवाज्यांना कुलूप होतं आणि चावी माझ्या खिशात. कार्यक्रम अकराचा. त्या दिवशी बहनजींना मी म्हणालो होतो, "आज एक दिवस गोळी उशिरा घ्या."

"टाळता टाळताच सलाइन लागलं गुरुजी," म्हणून त्यांनी साडेदहाला घेतली.

पावणेबारा वाजले. साहेबांचा पत्ता नव्हता. बहनजी मंडपातून उठून माझ्यापाशी आल्या. मावशींच्या घरापर्यंत जाण्याइतकी उसंत त्यांच्याकडे उरली नव्हती, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"गुरुजी, चावी."

"बहनजी, दहा मिनिटं. साहेब लोधीखेड्याहून निघाले, असा निरोप आहे."

"गोळीले साहेब माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या.

सरपंच पाहत होते, गाव पाहत होतं. मी चावी दिली. बहनजी चालत गेल्या, एका हातानं फीत वर उचलली, वाकून तिच्याखालून पलीकडे गेल्या, कुलूप काढलं आणि आतून कडी लावली. तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, हार घालून घेतला, कात्री उचलली आणि फितीसमोर येऊन थांबले. दरवाजा बंद होता.

"अंदर कौन है?"

"सोमकुवर बहनजी," मी म्हणालो.

आम्ही सगळे अदबीनं उभे राहिलो. आत बादलीचा आवाज झाला. कडी निघाली. बहनजी पदराला हात पुसत बाहेर आल्या, साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "या साहेब. चांगलं बांधलं आहे. आता कापा."

साहेबांनी फीत कापली आणि भाषणासाठी माइककडे वळायला मागे फिरले. पण मागे आठवीच्या मुली उभ्या होत्या, त्यांच्यामागे सातवीच्या, आणि सहावीच्या मुली मंडपातून उठून रांगेच्या टोकाला धावत होत्या. पहिली मुलगी म्हणाली, "साहेब, बाजूले व्हा न जरा." साहेब बाजूला झाले.