मॅडमनी दिलेलं अनुभवपत्र

बी.एस्सी.ची शेवटची मार्कशीट आईच्या हातात दिली तेव्हा तिने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "हे पास म्हणायचं का?" पास म्हणायचंच होतं, पण तीन केटी, म्हणजे नापास झालेले पेपर, सोडवून आणि तेही काठावर. कारण म्हणून सांगावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. घरात कुणाचं आजारपण नव्हतं, प्रेमभंग झाला म्हणावं तर तेवढंही नशीब नव्हतं. बारावीला बरे मार्क पडले, मैत्रिणींनी केमिस्ट्री घेतली म्हणून मीही घेतली आणि तीन वर्षं कॉलेजच्या कँटीनमध्ये मन लावून काढली. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात पाळ्या करायचे. मार्कशीट बघून ते डबा उचलून पाळीला गेले, आणि मला तेच जास्त लागलं.

नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आले. मार्कशीट बघून सगळ्यांनी "कळवतो" म्हटलं. शेवटी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर एका मेडिकलच्या काचेवर "कामाला मुलगी पाहिजे" असा कागद दिसला, तिथे गेले. दुकान एका बाईंचं होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मूळच्या साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, बुटक्या, पांढऱ्या एप्रनला कडक इस्त्री. त्यांनी माझी मार्कशीट उलटी करून टेबलावर ठेवली आणि मला एक गोळ्यांची पट्टी दिली. म्हणाल्या, "यातल्या चार गोळ्या काप."

मी कात्रीने सरळ वरून चार कापल्या.

"एक्स्पायरीची तारीख गेली की गं त्या चारांबरोबर. आता उरलेल्या सहा गोळ्या कधीपर्यंत चालतात ते मी कुणाला विचारू?" असं म्हणून त्यांनी दुसरी पट्टी घेतली, तारीख छापलेली बाजू हातात धरली आणि उलट्या टोकाकडून कापून दाखवली. "उद्या दहाला ये," म्हणाल्या. माझा इंटरव्ह्यू तेवढाच.

मॅडम स्वतः फार्मासिस्ट होत्या आणि स्वतः दुकानात असायच्या. यात काय विशेष, असं वाटेल. पण बऱ्याच दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं असतं आणि ज्याचं ते आहे तो माणूस कुठल्या गावाला असतो देव जाणे. मॅडमचा नियम असा की त्या बाहेर पडल्या, अगदी जेवायला घरी गेल्या तरी, शटर अर्धं खाली. साबण, पावडर, डायपर काय ते विकायचं. चिठ्ठीवरचं औषध कुणालाही द्यायचं नाही. लोक वैतागायचे. "मेडिकल आहे का बँक?" असं मला रोज कुणीतरी ऐकवायचं, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याच बाजूची होते. मला मॅडमचा हा खाक्या म्हणजे शुद्ध अडेलतट्टूपणा वाटायचा.

पण हळूहळू मी त्यांना बघत राहिले. पट्टी कपाटातून काढताना त्या नाव आणि आकडा मोठ्याने वाचायच्या, कापण्याआधी पुन्हा वाचायच्या, गिऱ्हाइकाच्या हातात देताना तिसऱ्यांदा. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढायच्या. कुठल्या आजोबांना खोकल्याचं कुठलं औषध चालत नाही, हे त्यांना पाठ. माझ्या तीन वर्षांच्या केमिस्ट्रीत मला जे कधी दिसलं नाही, ते या दहा बाय पंधराच्या गाळ्यात दिसायला लागलं. हे काम आपल्याला यायला हवं, असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मी चूक केली. मॅडम दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, शटर अर्धं खाली होतं. आमच्याच मजल्यावरच्या काकू वाकून आत आल्या. शुगरची गोळी संपली होती. "आगं, मी काय परकी हाय का? आमी रोजचीच गोळी घेतो, दे की!" मला नाही म्हणवलं नाही. काढली, कापली, दिली.

संध्याकाळी कापलेल्या पट्ट्या आपापल्या खोक्यात लावताना माझा हात थांबला. काकूंची गोळी एक मिलिग्रॅमची. त्या दिवशी मी कापलेल्या पट्टीचा उरलेला भाग दोन मिलिग्रॅमच्या खोक्यात होता. दोन्ही खोकी सारखीच, फरक फक्त कोपऱ्यातल्या आकड्याचा. मॅडम काउंटरवर होत्या, गर्दी होती. मी जाऊन गुपचूप काकूंकडून पट्टी बदलून आणू शकले असते. तसा विचारही केला. मग माझी मलाच भीती वाटली आणि मी मॅडमच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. गिऱ्हाइकांना "दहा मिनिटं थांबा" म्हणाल्या, ऐन गर्दीच्या वेळी शटर पूर्ण खाली ओढलं आणि एप्रनवरच आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढल्या. काकूंनी गोळी घेतली नव्हती, ती सकाळी नाश्त्याआधी घ्यायची होती. मॅडमनी पट्टी बदलून दिली आणि हात जोडून म्हणाल्या, "आमच्या दुकानातनं चूक झाली. माफ करा." मी मागे उभी होते. माझ्याकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी त्याआधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "तू सीईटी दे. फार्मसी कर. नुसत्या पट्ट्या कापायच्या असतील तर माझ्याकडे जागा नाही."

सतरा-अठराच्या पोरापोरींत बसून मी सीईटी दिली. पर्सेंटाइल बेताचाच आला. सरकारी प्रवेशफेऱ्यांत नंबर लागला नाही. पनवेलच्या बाजूला एका कॉलेजात उरलेल्या जागांसाठी भेटायला बोलावलं, ती शेवटची आशा होती. सगळी कागदपत्रं मागितली होती, म्हणजे ती बी.एस्सी.ची मार्कशीटही. मॅडमनी अनुभवपत्र पाकिटात घालून दिलं.

बसमध्ये मी ते काढून वाचलं. चार ओळी होत्या. दीड वर्ष काम केलं, वेळेवर येते, शिकण्याची आवड आहे. आणि चौथी ओळ: "या मुलीने एकदा माझ्या अनुपस्थितीत नियम मोडून चुकीच्या ताकदीची गोळी दिली. ही चूक मी पकडली नाही, तिनेच येऊन सांगितली."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मार्कशीटने निम्मं मारलं होतंच, उरलेलं या चौथ्या ओळीने मारणार. मागितलेल्या कागदपत्रांच्या यादीत अनुभवपत्राचा उल्लेखही नव्हता. पिशवीतच ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? कॉलेजच्या गेटपर्यंत मी मॅडमवर मनात चिडत होते. गेटमधून आत जाताना एवढं मात्र स्वच्छ कळलं की हा कागद लपवला तर मी पुन्हा त्यांच्या समोर उभी राहू शकणार नाही. मी तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

प्राचार्यांनी मार्कशीट बघून भुवया चढवल्या, मग पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. विचारलं, "पेशंटला काही झालं होतं?"

"नाही सर. गोळी घ्यायच्या आधी बदलली."

"तुम्ही सांगितलं नसतंत तर कळलं असतं?"

"मला तरी वाटत नाही, सर."

त्यांनी कागद फाइलमध्ये परत ठेवले आणि बाहेर बसायला सांगितलं. दुपारी यादी लागली. खालून दुसरं नाव माझं होतं. मी तिथेच पायरीवर बसून रडले, आणि रडतच मॅडमना फोन लावला. सीट मिळाल्याचं सांगितलं. त्या "छान झालं" म्हणाल्या, मग फोन तसाच धरून त्यांनी कुणाला तरी गोळीचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

माझा राग अजून थोडा शिल्लक होता. मी म्हटलं, "मॅडम, त्या चौथ्या ओळीमुळे मला नाकारलं असतं तर?"

"तर काय," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत तेच लिहून दिलं असतं."