पुढच्या खोलीतली नंदिनी लाइन

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी भिलाईला आले. सासर-माहेर दोन्ही भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. माझे मालक नागपूरला फिटरचं काम शिकले होते आणि पोलादाचा कारखाना उभा राहत असतानाच त्याच्या लोको शेडमध्ये, इंजिनांच्या दुरुस्तीवर, लागले. सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. आजूबाजूला एक झाड नव्हतं. तांदूळ निवडायला घेतले की बोटं लाल व्हायची, इतकी धूळ.

पुढच्या खोलीत बसायला जागाच नव्हती. मशिनी ज्या खोक्यांतून आल्या त्यांच्या फळ्या जोडून यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोठा पाट केला होता आणि त्यावर रेल्वे मांडली होती. नंदिनीच्या खाणीतून कारखान्याला चुनखडी घेऊन येणारी गाडी, कारखान्याचं यार्ड, इंजिनाला पाणी भरायची टाकी. रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. डबे डालड्याच्या डब्यांचा पत्रा कापून केलेले. इंजिनाची मोटार यांनी स्वतः तार गुंडाळून बनवली होती, ती ट्रान्सफॉर्मरवर चालायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे लेकराचं खेळणं कावून मांडलं जी घरात?"

"खेळणं नोय ते," हे म्हणाले. "माप काढून बनवलं हाय. एक चाक खोटं नाई त्यातलं."

लेकरू आम्हाला झालं नाही. रविवार सगळा त्या पाटाशी जायचा. मी स्वयंपाकघरातून यायची, उंबऱ्यात बसून गाडी पाहायची. हळूहळू मला इंजिनाचा आवाज कळायला लागला. रुळावर धूळ बसली की तो वेगळा यायचा.

दोनएक वर्षांनी वळणाची भानगड सुरू झाली. गाडी टाकीजवळून डावीकडे वळायची, तिथे हे एकदम ओरडायचे, "पडली! पाह्य, गाडी पडली." मी पाहायची तर गाडी रुळावर. "नाई जी पडली. चालून राहिली." तोवर ती समोर यायची आणि हे वळणाचा रूळ चाचपायचे. यांनी ते वळण उखडून पुन्हा घातलं. महिन्याभरात पुन्हा उखडलं. तिसऱ्यांदा उखडायला बसले तेव्हा मी यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. गाडी बाजूला गेली तरी नजर सरळच होती.

"तुमाले ते पाण्याची टाकी दिसते का इथून?" मी विचारलं.

"कोणती?"

टाकी यांच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

रायपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. कडेकडेनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा, म्हणाले. येताना गाडीत हे खिडकीशी बसले नाहीत. मला म्हणाले, "तू बस तिकडं. मले काय करायचं हाय."

नजर उरली ती मधली, नळीतून पाहावं तशी, आणि तीही आक्रसत गेली. शेडमध्ये यांना बसून करायचं काम मिळालं. घरी मात्र पाट तसाच होता. एक दिवस डाख देऊन पत्रा सांधताना यांनी अंगठा भाजून घेतला आणि तापलेली कांडी खाली ठेवून म्हणाले, "इकडं ये. मी सांगतो, तू कर."

मी शिकले. पत्रा घासायचा, नवसागर लावायचा, कथील वाहायला लागलं की हात थांबवायचा. पहिले सहा महिने माझे जोड गोळे-गोळे व्हायचे. हे बोट फिरवून सांगायचे, "जास्त झालं. काढ." पुढे बोट फिरवून नुसतेच "हं" म्हणायला लागले. डोळ्यांपुढे इंजिन नसताना हे त्याचा एकेक दांडा तोंडानं सांगायचे आणि मी तो कापायची. त्या दिवसांत मी सुखी होते, हे सांगायला अजून लाज वाटते. ज्यामुळे हे काम माझ्या हाती आलं ते यांचं आंधळेपण होतं आणि मी सकाळी उठल्यावर आधी कथील किती उरलं ते पाहत होते.

मग यांनी वितळलेलं लोखंड नेणाऱ्या भांड्याची गाडी करायला सांगितली. भांड्याला गोल आकार हवा, तो काही पत्र्याला येईना. मी माहेरहून बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू आणलं, अर्धं कापलं आणि कानशीनं कड घासून दोन खुंट्यांवर बसवलं. ते पुढेमागे झुकायचं. गाडी मी यांच्या हातात दिली.

हे फार वेळ नखानं जोड शोधत राहिले. जोड लागला नाही.

"माह्यापेक्षा साफ काम हाय," म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, शाबासकी आहे. यांनी गाडी माझ्या हातात दिली, उठले आणि भिंत धरून व्हरांड्यात जाऊन बसले. त्यानंतर पाटाशी कधी आले नाहीत.

मी बोलावलं. रागावलेही. एक दिवस म्हटलं, "तुमच्यासाठी तं केलं ना जी मीनं सारं." हे म्हणाले, "पहिले होतं माह्यासाठी." पुढे गाडी चालू केली की उठून शेजाऱ्यांकडे जायचे. मग मीच ती बंद ठेवली.

उरलेली नजरही गेल्यावर यांनी नोकरी सोडली. क्वार्टर सोडून दिराकडे गावी जायचं ठरलं. सामान निघालं तेव्हा कळलं, पाट दारातून बाहेर जात नाही. तो खोलीतच जोडलेला होता. मी यांना विचारलं, "काय करू याचं?"

"तुहं हाय ते. तुह्या मनानं कर."

क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. शेजारच्या वहिनींकडून करवत आणली. मी यार्डातून सरळ कापत गेले. छत्रीच्या काड्या करवतीखाली किंचाळत होत्या. हे व्हरांड्यात खुर्चीवर, पाठ दाराकडे. दोन तुकडे झाले, मग चार. मला वाटत होतं, हे एकदा तरी थांब म्हणतील. अखेर मीच थांबले, घाम पुसायला.

"झालं का?" यांनी विचारलं.

"थोडं राहिलं."

"ट्रक येईन आता."

ते चार तुकडे मी तिथेच मोरीमागे उभे ठेवले. इंजिन, ट्रान्सफॉर्मर, घुंगराची गाडी आणि सहा डबे धोतरात गुंडाळून गावी नेले. गावात वीज नव्हती. हे पुढे नऊ वर्षं जगले. माजघरात बसायचे, जेवण झालं का विचारलं की हो म्हणायचे. रेल्वेचा शब्द आमच्यात निघाला नाही.

हे गेल्यावर तीनेक वर्षांनी घरात वीज आली. एका दुपारी मी गाठोडं सोडलं आणि ट्रान्सफॉर्मरवरून इंजिनाला तारा जोडून पाहिल्या. काहीच झालं नाही. मोटारीच्या तारेवरचा लाखेचा थर उडाला होता. नवी तार गुंडाळली की चाललं असतं. गोंदियात तार मिळते, वेढे किती घालायचे तेही मला पाठ आहे.

मी तार आणली नाही.