जांभळा ठिपका

नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले, पण पिंगळीचा तो प्रकार अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मी परभणीजवळच्या ठाण्यात नवाच फौजदार होतो.

सकाळी हजेरी चालू असताना एक धनगर बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पिंगळी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत एक डॉक्टर क्ष-किरणांचं यंत्र घेऊन उतरला होता. पोरांच्या डोक्यातले खवडे तो त्या किरणांनी फुकट बरे करतो, असा बोलबाला होता. या मुलीचं डोकं मात्र भाजल्यासारखं लाल झालं होतं आणि केस पुंजक्यांनी गळत होते.

"औषध म्हटलं की थोडा त्रास व्हायचाच, बाई," असं म्हणून मी तिला वाटेला लावत होतो. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, एवढीच माझी अक्कल.

ती हलली नाही. "साहेब, माझ्या पोरीला खवडा नव्हताच. तरी बसवली, अन् हातावर जांभळा ठिपका दिला. खवड्याच्या पोरांना ठिपका न्हाई. आमी नवी दवा आधी दोन-चार चांगल्या मेंढरांना पाजून बघतो, वळखायला गेरू लावतो. डाक्टर माझ्या लेकरावर तेच करायलाय. उद्या धाकटीला बोलावलंय."

माझा टाक जागीच थांबला. मला लाज वाटली.

तासाभरात आम्ही धर्मशाळेत होतो. डॉक्टर गुरकावला, "हे शास्त्राचं काम आहे, तुम्हाला कळणार नाही. आईबापांचे अंगठे आहेत माझ्याकडे."

मी एकच विचारलं, "ठिपक्याच्या पोरांना रोग कोणता?"

तो अंगठ्यांचे कागदच पुन्हा पुढे सरकवू लागला. मी त्याच्या कंपाउंडरला वेगळं बसवून चहा दिला, तेव्हा तो घडाघडा बोलला. ठिपक्याची पोरं धडधाकट होती. किती किरणांनी कातडी जळते, ते त्यांच्यावर बघायचं होतं. त्या वेळी डॉक्टर स्वतः शिशाच्या पडद्याआड उभा राही. अंगठ्यांचा कागद इंग्रजीत होता आणि लोकांना तो फुकट वाटलेल्या दुधाच्या भुकटीची पोच म्हणून सांगितला होता.

पंचनामा झाला, यंत्राला सील लागलं. दारात रांगेत बसलेली पोरं उड्या मारत घरी गेली, आणि धाकटीचं उद्याचं बोलावणंही टळलं. मला इतका आनंद बढतीच्या दिवशीही झाला नाही.

कोर्टात डॉक्टरच्या वकिलाने बाईला हिणवलं, "तुला शास्त्रातलं काय कळतं?"

ती म्हणाली, "आजमावणं कळतं, साहेब. पण आमी आमच्याच मेंढरावर आजमावतो, दुसऱ्याच्या लेकरावर न्हाई."

डॉक्टरला शिक्षा झाली. तेव्हापासून ठाण्यात आलेल्या माणसाचं बोलणं पुरतं संपेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. त्या सकाळी ती बाई माझं ऐकून उठली असती, तर दुसऱ्या दिवशी धाकटीच्या हातावरही ठिपका असता.